चौऱ्याण्णव म्हणजे नेमके किती?

१५ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन प्रत्येकाचा ताप आणि रक्तातील ऑक्सिजनची पातळी पाहायची, अशी ती योजना होती. अनेक गावांत हे काम शिक्षकांकडेही आले. माझा मावसभाऊ कन्हानच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. त्याच्या वाट्याला दोन वस्त्या आल्या. बोटाला चिमट्यासारखे लावायचे यंत्र, ताप पाहायची बंदूक आणि एक वही, एवढे साहित्य. आकडा ९५ च्या खाली आला तर त्या माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. "दादा, हे मशीन खोटं बोलते काय? एका आजीबाईच्या एका बोटावर ९३ दाखवते, दुसऱ्यावर ९६. भांडी घासता घासता उठून आल्या होत्या, हात गार होते. मी वहीत काय लिहू?"

मी त्याला घाईघाईने सांगितले की हात पुसून, चोळून, गरम करून पुन्हा पाहा आणि जो आकडा स्थिर राहील तो लिही. सल्ला चुकीचा नव्हता. पण त्याचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा होता, हे पुढच्या एप्रिलमध्ये ध्यानात आले. तेव्हा नागपूर जिल्ह्यात खाटा मिळेनाशा झाल्या होत्या, आणि ९४ की ९३ या एका अंकाच्या फरकावर माणूस घरी राहणार की दवाखान्याची वाट धरणार हे ठरत होते. लोक एकमेकांना फोनवर 'कसे आहात' असे विचारण्याऐवजी 'किती आहे' असे विचारत होते. ते दिवस मागे पडले, यंत्रे मात्र घरोघरी कपाटात राहिली आहेत. म्हणून त्या यंत्राचे, आणि त्याच्या आकड्यावर आपण टाकलेल्या भाराचे, आता शांतपणे परीक्षण करायला हरकत नाही.

आधी त्याचे श्रेय. पल्स ऑक्सिमीटर हे विसाव्या शतकातील वैद्यकीय अभियांत्रिकीच्या सर्वांत उपयुक्त साधनांपैकी एक आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. ते येण्यापूर्वी रुग्णाला ऑक्सिजन कमी पडतो आहे हे भूलतज्ज्ञाला ओठ-नखे निळी पडल्यावर कळे. आणि निळेपणा डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासणी-यादी काढली. तीत उपकरण म्हणून ज्याचा आग्रह धरला आहे ते हेच यंत्र. ती यादी तयार करण्यात पुढाकार घेणारे शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, ही आपल्या विदर्भाची जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.

यंत्राचा जन्म मात्र एका अडचणीतून झाला. जपानमधील निहोन कोहदेन या कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी हे हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकते हे मोजण्याच्या खटपटीत होते. रक्तात रंगद्रव्य सोडायचे आणि कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार पाठवून ते किती पातळ होत जाते ते पाहायचे, अशी रीत होती. पण आलेख नीट येईना. प्रत्येक ठोक्याबरोबर तो वरखाली हले. हा हेलकावा घालवण्यासाठी आओयागींनी दोन तरंगलांबींचे प्रकाश वापरून एकाला दुसऱ्याने भागण्याची युक्ती केली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की रक्तातील ऑक्सिजन बदलला की हा हिशेब बिघडतो. म्हणजेच त्या नकोशा हेलकाव्यातच धमनीतील रक्ताच्या ऑक्सिजनची माहिती दडलेली आहे. १९७४ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. १८ एप्रिल २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्या महिन्यात जगातील औषधाच्या दुकानांत त्यांच्या यंत्राचा तुटवडा पडला होता.

आता त्याची रीत. विजेरीवर तळहात दाबून अंधारात धरला तर बोटांच्या कडा लाल दिसतात, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. यंत्राच्या एका जबड्यात दोन दिवे असतात. एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटरचा, आणि एक अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. हे दिवे आळीपाळीने, सेकंदाला शेकडो वेळा लागतात-विझतात. समोरच्या जबड्यातील डोळा पलीकडे आलेला प्रकाश मोजतो. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनच्या सुमारे दहापट शोषते. अवरक्तात परिस्थिती उलटी होते, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन थोडे जास्त शोषते. त्वचा, हाड, मांस, शिरांमधले रक्त हेही प्रकाश शोषतातच, पण त्यांचे शोषण ठोक्याबरोबर बदलत नाही. बदलतो तो जेमतेम एक-दोन टक्के भाग, आणि तो धमनीतल्या रक्ताचा. लाल प्रकाशातील हेलकाव्याचा अंश आणि अवरक्तातील हेलकाव्याचा अंश यांचे गुणोत्तर यंत्र काढते.

यंत्र मोजते ते एवढेच, एक गुणोत्तर. ऑक्सिजनची टक्केवारी ते मोजत नाही.

मग ९४ हा आकडा येतो कोठून? तो कोष्टकातून येतो. पाठ्यपुस्तकांत एक ढोबळ सूत्र देतात: ११० मधून गुणोत्तराची पंचवीसपट वजा करा. गुणोत्तर १ असेल तर उत्तर ८५, ०.६४ असेल तर ९४, ०.६८ असेल तर ९३. एका बोटाच्या एक-दोन टक्के हेलकाव्यातून काढलेल्या गुणोत्तरात दुसऱ्या दशांश स्थळी चार अंकांचा फरक पडला की चौऱ्याण्णवचे त्र्याण्णव होते. ओला, गार, किंचित थरथरणारा हात हा फरक सहज पाडू शकतो. आजीबाईंची दोन बोटे खोटे बोलत नव्हती.

कोष्टक कसे तयार होते, ते सांगितल्याशिवाय या परीक्षणाला अर्थ नाही. प्रयोगशाळेत निरोगी, बहुधा तरुण स्वयंसेवक घेतात. त्यांना हळूहळू कमी ऑक्सिजनची हवा श्वासावाटे देतात. मधूनमधून त्यांच्या धमनीतून रक्त काढून अनेक तरंगलांबींवर चालणाऱ्या मोठ्या उपकरणाने खरी संपृक्तता काढतात आणि त्या क्षणी बोटावरच्या यंत्राचे गुणोत्तर काय होते ते शेजारी लिहितात. सत्तर टक्क्यांच्या खाली माणसाला नेणे धोक्याचे, म्हणून तेथे थांबतात. त्याखालचे आकडे रेषा पुढे ओढून अंदाजाने भरलेले असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा चाचणीला किमान दहा माणसे पुरत. त्यांपैकी किमान दोन, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांत जे जास्त असेल तितकी माणसे गडद त्वचेची असावीत, अशी अट होती. दहांतली दोन! आपण आठवीच्या मुलाला 'एवढ्या थोड्या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नकोस' असे सांगतो.

याच मार्गदर्शनात बोटावरच्या यंत्राला सुमारे ३ टक्क्यांची त्रुटी मान्य आहे. ही त्रुटी वर्गमध्य पद्धतीने काढलेली, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश वाचने खऱ्या आकड्याच्या ३ अंक अलीकडे-पलीकडे पडतात आणि उरलेली एक-तृतीयांश त्याहूनही दूर. हे झाले तपासून घेतलेल्या वैद्यकीय यंत्रांचे. दुकानात आणि टपालाने मिळणाऱ्या घरगुती यंत्रांपैकी कित्येक या तपासणीतून गेलेलीच नसतात. आता दुसऱ्या बाजूचा कागद काढा. मे २०२१ च्या राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शनात ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार आणि ९० च्या खाली म्हणजे गंभीर आजार, अशी वर्गवारी होती. ज्या फूटपट्टीच्या खुणा सहा अंक रुंदीत हलतात, तिने आपण एकेका अंकाच्या भिंती बांधल्या. वर्गवारी करणाऱ्या तज्ज्ञांना हे माहीत नव्हते असे मी म्हणत नाही. उपचारांसाठी कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण ती रेघ वस्तीपर्यंत पोचताना त्रुटी वाटेत गळून पडली. वहीच्या रकान्यात 'अधिक-उणे' लिहायला जागाच नव्हती.

ही झाली इकडे-तिकडे विखुरणारी त्रुटी. तिचे औषध सोपे आहे: पुन्हा मोजा, सरासरी काढा. स्क्रू गेजच्या शून्यांक त्रुटीसारखी, सतत एकाच बाजूला ओढणारी त्रुटी मात्र कितीही वेळा मोजून जात नाही, आणि या यंत्रात तीही आहे. तत्त्वतः त्वचेचा रंग स्थिर असल्याने भागाकारात तो निघून जायला हवा. प्रत्यक्षात दिव्याचा प्रकाश अगदी एकाच तरंगलांबीचा नसतो, आणि मेलॅनिन लाल प्रकाश अवरक्तापेक्षा जास्त गिळते. पलीकडे पोचणारा संकेत क्षीण आणि किंचित कलता होतो. १९९० पासून याच्या नोंदी होत्या. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले की गडद त्वचेत, विशेषतः संपृक्तता खाली गेल्यावर, यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. तरीही फारसे काही हलले नाही. मग डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगनमधील एका रुग्णालयाची आकडेवारी आली: यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतील खरी संपृक्तता ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने नवा मसुदा काढला. त्यात चाचणीतील माणसांची संख्या आणि त्वचेच्या छटांचे प्रमाण पुष्कळ वाढवण्याचे सुचवले आहे.

हे अंतर त्यांच्या देशातले म्हणून वाचून सोडून देण्याजोगे नाही. उन्हात राबणाऱ्या, खाणीत, वीटभट्टीवर, शेतात काम करणाऱ्या आपल्या माणसांच्या त्वचा या मोजमापात कोठे बसतात, हा आपला प्रश्न आहे.

आणि कन्हानचा म्हणून आणखी एक प्रश्न आहे, तो कोळशाचा. नदीच्या या भागात इंदर, गोंडेगाव, कामठी अशा कोळशाच्या खाणी आहेत. माझ्या लहानपणी हिवाळ्यात प्रत्येक चाळीत संध्याकाळी सिगडी पेटे. शहाणी माणसे धूर जाईपर्यंत ती अंगणात ठेवत आणि मग निखारे फुलले की आत आणत. धूर गेला तरी कार्बन मोनॉक्साइड जात नाही. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आणि येथे आपल्या यंत्राची गंमत नव्हे, घात आहे. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशाला ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच दिसते. दोन दिव्यांच्या यंत्राला तिसरा पाहुणा ओळखता येत नाही. १९८७ मध्ये कुत्र्यांवर झालेल्या एका प्रयोगात रक्तातील ७० टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले असताना यंत्र सुमारे ९० दाखवत होते.

गेल्या काही वर्षांतली एक जानेवारीची पहाट. मावसभावाच्या ओळखीच्या घरात दार-खिडकी लावून सिगडीशेजारी झोपलेला मुलगा उठेना. उठला तो डोके धरून, उलटी करत. घरातल्यांनी आधी कपाटातले यंत्र काढले. ९९. सगळ्यांना हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्यात अर्धा-पाऊण तास गेला. जवळच्या वयस्क डॉक्टरांनी यंत्राकडे न पाहता पहिला प्रश्न विचारला, "रात्री सिगडी होती काय?" आणि मुलाला लगेच ऑक्सिजन लावला. साध्या हवेत हा विषारी संयोग निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात काम होते. मुलगा बरा झाला. खाणीत पूर्वी कॅनरी पक्षी नेत, ते याच वायूसाठी. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ती रीत सुचवली आणि ब्रिटनने १९८६ मध्ये ते पक्षी बंद करून यंत्रे आणायचे ठरवले. कॅनरीला जे कळे ते आपल्या बोटावरच्या चिमट्याला कळत नाही, हे त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत असायला हवे.

सिकलसेलचा विषय विदर्भातील शिक्षकांना नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. या आजारात हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकडच सैल असते, त्यामुळे ठीकठाक असलेल्या मुलाचाही आकडा नेहमीच खाली असू शकतो. अशा मुलाला ९२ म्हणजे रोजचा दिवस की संकटाची सुरुवात, हे त्याचा नेहमीचा आकडा माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. सर्वांना एकच रेघ येथे उपयोगाची नाही. वर्गात असे मूल असेल तर त्याच्या आईवडिलांकडून तो नेहमीचा आकडा विचारून ठेवावा.

रक्तक्षयाचा हिशेब तर फळ्यावर करून दाखवण्याजोगा आहे. यंत्र सांगते टक्केवारी, प्रमाण नाही. बस भरली आहे एवढे ते सांगते. बस केवढी, ते सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या माणसाचे यंत्र ९० दाखवत असेल तर रक्तात सुमारे १६.९ मिलिलिटर ऑक्सिजन आहे. ७ ग्रॅमवर आलेल्या बाईचे यंत्र ९७ दाखवत असेल तर तिच्या रक्तात ९.१ मिलिलिटर. वहीत पहिल्यासमोर लाल खूण होईल, दुसरीसमोर 'ठीक'. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सगळ्या काही सातवर नसतात, पण ही 'ठीक'ची खूण किती घरांत फसवी असू शकेल याची कल्पना येते.

मला वाटते, खरी चूक यंत्राला त्याच्या सोबत्यांपासून तोडण्यात झाली. अतिदक्षता विभागात ते कधी एकटे नसते. पडद्यावर आकड्याशेजारी नाडीची लाट सरकत असते, आणि लाट वेडीवाकडी असेल तर परिचारिका आकड्याकडे बघतही नाही. शेजारी हृदयालेख, रक्तदाब, श्वासांचा वेग असतो, आणि शंका आली तर धमनीतले रक्त काढून खात्री करता येते. त्या मंडळीतून एकच वाद्य उचलून आपण घरोघर वाजवत नेले. राष्ट्रीय मार्गदर्शनात ऑक्सिजनच्या आकड्याबरोबर श्वासांचाही निकष होता, मिनिटाला चोवीस किंवा अधिक म्हणजे मध्यम आजार. लोकांच्या बोलण्यात उरला तो फक्त आकडा. श्वास मोजायला सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते, त्वचेच्या रंगाशी त्याला देणेघेणे नाही, आणि तो मोजणाऱ्याला एक मिनिट त्या माणसाजवळ बसावे लागते. तरीही आपण यंत्र निवडले, कारण यंत्र आकडा देते आणि वहीला आकडा लागतो.

या टीकेचा अर्थ यंत्र फेकून द्यावे असा नाही. एकाच माणसाने, एकाच यंत्रावर, एकाच बोटाला, रोज त्याच वेळी घेतलेले आकडे ९८, ९७, ९५, ९४ असे उतरत गेले तर ती धोक्याची सूचना आहे. सतत एकीकडे ओढणारी त्रुटी अशा उतरत्या रांगेत बरीचशी कटून जाते. धाप लागलेली नसताना ऑक्सिजन खाली गेलेले कित्येक रुग्ण या रांगेनेच वेळेवर ओळखले. रांगेला किंमत आहे. एकट्या आकड्याला फार थोडी.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने या यंत्रांवरील विक्रेत्यांच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली. चांगले झाले. पण किमतीची जेवढी चर्चा झाली त्याच्या दशांशानेही अचूकतेची झाली नाही. खोक्यावर किंमत छापतात तसे, किती माणसांवर, कोणत्या त्वचेच्या छटांवर हे कोष्टक तपासले आणि त्रुटी किती, हेही छापायला सांगणे अशक्य नाही. औषधाच्या पट्टीवर आपण मुदत वाचतोच ना?

मावसभावाने गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एक प्रयोग केला. दोन वेगवेगळी यंत्रे. प्रत्येक मुलाने दोन्ही हातांच्या तर्जनीवर, मग करंगळीवर, तीन-तीन वेळा वाचन घ्यायचे. मग हात दोन मिनिटे गार पाण्यात बुडवून पुन्हा. नखावर रंग किंवा काळी मेंदी असेल तर तसे लिहायचे. शेवटी हात हलवत ठेवून काय होते ते पाहायचे, आणि शक्य तर बोटाऐवजी पेन्सिल घालून. काही स्वस्त यंत्रे पेन्सिलीलाही नाडी आणि ऑक्सिजन बहाल करतात, हे मी स्वतः पाहिले आहे. हा प्रयोग आपल्या शाळेत करणार असाल तर एक खबरदारी घ्या: सिकलसेल असलेल्या मुलांना गार पाण्याचा भाग करू देऊ नका, थंडीने त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो. सगळी वाचने आलेखकागदावर ठिपक्यांनी मांडल्यावर एका मुलीने विचारले, "सर, मग यातला खरा आकडा कोणता?" सरांनी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि त्या रात्री मला पुन्हा फोन केला.